शटरमागचं गाणं

भूतबाधा, चमत्कार... असले अनुभव मी वाचायचो आणि हसून सोडून द्यायचो. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, असं शाळेत सरांनी शिकवलं, ते मी मानत आलो. पण या गोष्टीचं कारण मला सापडलेलं नाही.

चाकणच्या बाजारपेठेत टीव्ही-मिक्सरच्या दुकानात मी सेल्समन होतो. दुकानाला एकच दार, पुढचं शटर. कामाच्या वेळी आमचे मोबाईल शेठच्या गल्ल्यात कुलपात. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी आणि दुपारी लाईट नसते, तेव्हा शेठ शटर ओढून घरी जेवायला जायचे.

त्या गुरुवारी वैशाली येणार होती. ती वायरिंगच्या कंपनीत कामाला; मला ती आवडायची, पण लग्नाचं विचारायचा धीर होत नव्हता. आदल्या दिवशीच बोलली होती, "संध्याकाळी रावेतची, मुलाकडची माणसं सुपारी फोडायला येतायत. त्याआधी दुकानासमोर येते. विचारायचं तर विचार, नाहीतर मी त्यांना हो म्हणते."

मी माळ्यावर खोकी लावत होतो. शेठना वाटलं, मी बाहेर गेलोय. शटर खाली आलं, कुलूप लागलं. धावत येऊन मी शटर बडवलं, ओरडलो. पण बाहेर शेजारच्या दुकानांचे जनरेटर धडधडत होते. खालच्या फटीतून मला तिच्या चपला दिसल्या. हातभर अंतरावर उभी होती ती. थोड्या वेळाने चपला वळल्या... आणि गेल्या.

तेवढ्यात मागे उजेड पडला. भिंतीवरचा एक टीव्ही चालू झाला होता — लाईट नसताना, प्लग खाली लोंबत असताना. काळा-पांढरा, खरखरणारा सिनेमा. बोलपट नुकते सुरू झाले तेव्हाचा असावा. माणसं नाटकातल्यासारखी खणखणीत बोलत होती. कापडाच्या दुकानातला एक गरीब नोकर, डोळ्यांत काजळ, हातात कापड मोजायचा गज. एक मुलगी उगाच लुगडी उलगडायला लावते, आणि तिच्याकडे बघता बघता हा स्वतःचंच उपरणं कापून बसतो. मालक चिडून त्याला आत कोंडून जातो. मग फळ्यांच्या दारामागून तो गाऊ लागला, "गजाने मोजू कसा गं जीव हा..." एरवी मी हसलो असतो. तेव्हा एवढंच वाटलं, याला तरी कुणी बाहेर काढा.

गाणं संपलं, टीव्ही विझला.

शेठ आले. "अरे भावा, तू आतच? मला वाटलं, वडापाव हाणतोयस." त्यांच्या मागे वैशाली उभी, हसत. "इतके दिवस तोंडातून शब्द नाही, आणि भर बाजारात गाणं म्हणतोस? काय माणूस आहेस राव."

मी तिथेच, शेठसमोर, तिला लग्नाचं विचारलं.

आता आम्ही चिखलीत राहतो. तो सिनेमा मी खूप शोधला, सापडला नाही. भाकरी थापताना ती तीच ओळ गुणगुणते, अगदी त्याच चालीत. मी तिला सगळं खरं सांगितलंय. ती म्हणते, "लाजतोस काय, म्हण की परत." मला सूर धरता येत नाही. त्या दिवशी ती रिक्षात बसली होती, आवाज ऐकून उतरली... कुणाचा आवाज ऐकून, ते मला आजही सांगता येत नाही.