तरसालीच्या बकऱ्या आणि आमचं यकृत

लग्नकार्यात कुणी विचारलं, "दिलीपभाई, हल्ली काय चाललंय?" की माझी बायको मला कोपराने ढोसते. तिचं बरोबर आहे. मी एक सांगायला घेतलं की त्यातून दुसरं निघतं, दुसऱ्यातून तिसरं, आणि ऐकणाऱ्याच्या हातातलं आइस्क्रीम वितळून जातं. पण मी तरी काय करू? आमच्या लॅबमध्ये दर आठवड्याला काहीतरी घडतंच, आणि ते पोटात ठेवायची मला सवय नाही.

मी तिथे एकोणीस वर्षं टेक्निशियन आहे. आडनाव शिर्के, पण बडोद्यात मला दिलीपराव कोण म्हणणार! पणजोबा सरकारी पागेत घोडे सांभाळायचे, मी पेशी सांभाळतो. दाणापाणी वेळेवर लागतं, एवढं दोन्हीकडे सारखं.

आधी काम सांगतो. एखाद्याचं यकृत अचानक बंद पडलं, तर काही वेळा ते पुन्हा उभं राहू शकतं. पण त्याला थोडे दिवस मिळावे लागतात, आणि तेवढे दिवस रक्तातली घाण दुसऱ्या कुणीतरी काढावी लागते. आम्ही ते काम बकरीकडून करून घेतोय. म्हणजे बकरीला पिल्लू झालं की नाळेतल्या मूळ पेशी, स्टेम सेल्स, काढायच्या. त्यांना काही आठवडे यकृताचं काम शिकवायचं, हातभर नळकांड्यात बसवायचं आणि पेशंटच्या रक्तातलं पिवळं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, तिथून फिरवायचं.

हे नळकांडं अश्विनी मोरेने बनवलं. तिच्या पीएच.डी.चं चौथं वर्ष. आमच्या प्रमुख नेने मॅडमना प्रकल्पाला पैसे देणाऱ्या समितीने स्पष्ट सांगितलं होतं, की पेशी सलग आठ तास काम करून दाखवा, नाहीतर प्रकल्प बंद. आणि आमच्या पेशी तिसऱ्या तासालाच मान टाकत होत्या.

*

नाळ ताजी लागते. त्यासाठी शहराच्या कडेला तरसालीत बकऱ्या पाळणाऱ्या जीवाभाई भरवाडांशी आमचं ठरलंय. बकरी व्यायला आली की ते फोन करतात आणि आम्ही बर्फाची पेटी घेऊन धावतो.

एका रविवारी प्रतापनगरला, रेल्वे क्वार्टर्सजवळच्या घरी, अश्विनीला बघायला पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा यायचा होता, आणि जीवाभाईंचा फोन आला. अश्विनी साडीसकट स्कूटरवर बसली आणि गेली.

तिचे वडील, मोरेकाका, रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर. बोलणं मोजकं. पाहुण्यांनी विचारलं, "मुलगी कुठे गेली?"

काका म्हणाले, "बाळंतपणाला."

"म्हणजे, डॉक्टर आहे का?"

"नाही, बकरीच्या."

पाहुणे चहा न पिताच उठले. तिकडे जीवाभाई साडीतल्या अश्विनीला पेटी बंद करताना बघत म्हणत होते, "बेन, आ तो अमे फेंकी दईए छीए, ने तमे एने एसी गाडीमां लई जाओ छो!" आम्ही फेकून देतो ते तुम्ही एसी गाडीतून नेता, असं; आणि एसी गाडी म्हणजे मी मागून नेलेली मॅडमची गाडी. त्या दिवसाच्या नाळेतून निघालेल्या पेशी आमच्याकडच्या सगळ्यात दणकट पेशी ठरल्या. स्थळ गेलं त्याचं कुणालाच फारसं वाईट वाटलं नाही, अश्विनीला तर मुळीच नाही.

*

पेशींना सुट्टी नसते. ठरल्या दिवशी त्यांचं जुनं खाद्य काढून नवं घालावंच लागतं. एकदा तो दिवस नेमका उत्तरायणाचा, म्हणजे आपल्या संक्रांतीचा, आला. बडोद्यात उत्तरायणाला माणूस गच्चीवरून जेवायलासुद्धा खाली उतरत नाही. ड्यूटी अश्विनीची होती. मला वाटलं, तरुण पोरगी आहे, पतंग सोडून कशाला येईल? मी सकाळीच गपचूप जाऊन खाद्य बदलून आलो. माझी ड्यूटी नाही म्हणून वहीत काही लिहिलं नाही.

दुपारी फतेगंजच्या घरून मॅडम येऊन गेल्या. त्यांनाही तेच वाटलं. त्यांनीही बदललं आणि त्यांनीही लिहिलं नाही. संध्याकाळी अश्विनी आली, नाकावर उन्हाचा लाल पट्टा घेऊन. वही कोरी बघून तिने तिसऱ्यांदा बदललं.

दुसऱ्या दिवशी खाद्याची बाटली रिकामी दिसली आणि सगळं उघडकीला आलं. मॅडम म्हणाल्या, "पेशींना पोट नाही म्हणून बरं, नाहीतर आज त्यांना ओवा द्यावा लागला असता."

मला त्या दिवशी आमच्या माणसांचा फार अभिमान वाटला. खाद्य फुकट गेलं ते गेलं.

*

समितीतले एक साहेब लसूणसुद्धा न खाणारे. नळकांडं बघून ते जरा अवघडले. म्हणाले, "मॅडम, बकरीचं काही माणसाच्या अंगात जाणं... घरची माणसं मानतील?"

मॅडमनी समजावलं, की पेशी नळकांड्यातच राहतात, मध्ये बारीक चाळणी असते, अंगात फक्त धुतलेलं पाणी परत जातं. साहेब ऐकत होते, पण कपाळावरची आठी सुटेना.

"आणि ती बकरी? तिला मारली?"

मॅडम म्हणाल्या, "मारली कशाला? तरसालीत चरतेय. चला, भेटूया."

खरंच गेलो. साहेबांनी वाटेत केळी घेतली. जीवाभाईंनी बकरी आणि तिचं पिल्लू दोघांना पुढे केलं. साहेबांनी स्वतःच्या हाताने केळं भरवलं, बकरीने त्यांच्या फायलीचा कोपराही खाल्ला. परतताना गाडीत साहेब एवढंच म्हणाले, "आठ तास मात्र दाखवावे लागतील हं."

*

आठ तास काही होईनात. आम्ही खाद्य बदललं, तापमान बदललं, पेशींची बॅच बदलली. अश्विनी बारीक होत चालली. मग एक दिवस ती डबा विसरली आणि मोरेकाका तो द्यायला आले. प्रयोग चालू होता. काकांनी हात धुतले, नळीवर दोन बोटं ठेवली, आणि बराच वेळ उभे राहिले.

"हे झटके देतंय," ते म्हणाले.

"बाबा, पंप आहे तो. थोडे झटके असणारच."

"रेल्वेच्या ब्रेकला पंप आणि चाकाच्या मध्ये हवेची टाकी असते. पंपाच्या उड्या टाकी पोटात घेते. तुमच्याकडे टाकी कुठाय?"

खोलीत मॅडमसकट तीन डॉक्टरेटवाले होते. टाकी एकालाही सुचली नव्हती. दुसऱ्या दिवशी नळीत अर्धी हवेने भरलेली एक छोटी काचेची कुपी बसली आणि पेशी सहाव्या तासापर्यंत जिवंत राहिल्या. मॅडम म्हणाल्या, "चार वर्षं आपण बिचाऱ्या पेशींवर संशय घेत होतो."

*

परीक्षेच्या दिवशी दवाखान्यातून प्लाझ्माची पिशवी आली. यकृत बंद पडलेल्या एका माणसाचा खराब प्लाझ्मा डॉक्टरांनी काढून बदलला होता, आणि घरच्यांनी तो फेकण्याऐवजी आम्हाला देऊ केला होता. सकाळी नऊला पंप सुरू झाला. मॅडमनी मोरेकाकांना मुद्दाम बोलावलं होतं. ते स्टुलावर बसून राहिले, बोटं नळीवर.

दर तासाला अश्विनी नमुना काढून अमोनिया, म्हणजे यकृताने काढायची ती घाण, मोजत होती. आकडा उतरत होता. तिसरा तास गेला, सहावा गेला. सातव्याला मी देवाचं नाव घेतलं, हे कबूल करतो. पाच वाजता अश्विनीने आकडा वाचला, पुन्हा मोजला, पुन्हा वाचला. निम्म्याच्या खाली. पेशी जिवंत. मॅडमनी तिथल्या तिथे साहेबांना फोन करून कळवलं, फोन टेबलावर ठेवला आणि अश्विनीच्या पाठीवर हात ठेवला.

काकांनी विचारलं, "हे पाणी कुणाचं?"

"ते आम्हाला सांगत नाहीत काका," मी म्हणालो. "नियम आहे. पिशवीवर नुसता नंबर असतो."

काका उठले. रिकाम्या पिशवीसमोर गेले, चष्मा लावून नंबर नीट वाचला, आणि हात जोडून म्हणाले, "भाऊ, तुमच्यामुळे माझ्या पोरीचं काम झालं. आता तुम्ही बरे व्हा."

मॅडम म्हणाल्या, "मला जरा फोन येतोय," आणि घाईने बाहेर गेल्या.

फोन टेबलावरच होता.