गुरं परत दिली त्या दिवशी
घोंगडी उन्हात टाकली की लोकरीचा उग्र वास सुटतो आणि मला म्हसा गावच्या जत्रेतली एक सकाळ आठवते. माझा भाऊ तेव्हा शांतिसेनेच्या तुकडीबरोबर आफ्रिकेत होता. तिथली दोन गावं गुरांच्या चोरीवरून अनेक वर्षं एकमेकांवर गोळ्या झाडत होती. त्या सकाळी एक गाव पळवलेली गुरं परत देणार होतं आणि दादाची तुकडी मधे उभी राहणार होती. आधी अशाच वेळी गोळीबार झाला होता, हे मी इंग्रजी बातमीत वाचलं होतं. घरी बोलले नव्हते. आई घोंगड्या चाचपत होती, पण लक्ष माझ्या हातातल्या फोनवर. “रेंज हाय ना गो?” तिने पुन्हा विचारलं. शेजारी बाबांनी विकलेल्या बैलाचं दावं सोडून खांद्यावर टाकलं. आमच्याकडे बैल देतात, दावं देत नाहीत; ते विकणारा घरी नेतो. तेवढ्यात फोन वाजला. मी स्पीकर लावला. “झालं. गुरं गेली. आमी सगळे ठीक,” दादा म्हणाला. आई तिथेच घोंगड्यांवर बसली. बाबांनी विचारलं, “देणाऱ्यांनी दावी ठेवून घेतली ना रे?” दादा हसला. “चोरीच्या गुरांना कसली दावी, बाबा? मोकळीच हाकली.” “मंग ती माणसं रित्या हातानी घरी गेली?” “हो,” दादा म्हणाला. “मंग संभाळून ऱ्हा,” बाबा म्हणाले आणि खांद्यावरचं दावं हाताला गुंडाळत राहिले. दादा सुखरूप परतला. तरी कुठे तह झाल्याचं वाचलं की मी अजून शोधते, देणारा घरी काय घेऊन गेला.