ऊबदार पिशवी

मोखाड्याच्या जीपमध्ये शेजारी बसलेली मुलगी मोबाइलवर रक्तपिपासूंची मालिका बघत होती. माझी धाकटी बहीण जनी ज्या कादंबऱ्यांसाठी वेडी होती, त्यांच्यावरूनच काढलेली.

बऱ्याच वर्षांपूर्वी जनी दवाखान्यात होती, अंगात रक्त नसल्यानं ओठ पांढरेफटक. स्पिरिटच्या वासात मी तिला तिसरा भाग वाचून दाखवत होते. ती म्हणाली, "त्याचं बरं हाय, ताई. कुनाचंबी रगत चालतं."

तेवढ्यात बा जव्हारहून रक्ताची पिशवी घेऊन आला. बर्फाच्या डब्यातून काढून त्यानं ती वाटभर बंडीत, छातीशी धरली होती. "पोर गारठंल, म्हून ऊब देत आनली," तो हसत म्हणाला.

नर्सबाईंनी पिशवीला हात लावला. "हे आता चढवता येणार नाही हो, काका."

बर्फ कशाला, ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं!

बा पुन्हा जव्हारला धावला. जनीनं विचारलं, "फुडच्या भागात ती पोर जगते का गं?" पुढचा भाग माझ्याकडे नव्हता. "जगते," मी म्हणाले.

बा दुसरी पिशवी बर्फासकट घेऊन आला, तोवर जनी गेली होती.

जीपमधल्या मुलीला मी विचारलं, "ती जगते का गं शेवटी?"

"मावशी," ती हसली, "यात कुणी मरतच नाही."