व्हर्नाच्या नावाचं पाणी

व्हर्ना लिंडक्विस्ट कॉलेजच्या मुलींना पोहायला शिकवायची आणि रविवारी त्यांनाच घेऊन फुटबॉलचं मैदान झाडायची. आमच्या नेब्रास्कातल्या या गावात त्यात कुणाला वावगं वाटत नसे. शनिवारी सामना, सारं गाव जांभळ्या शर्टात. रविवारी चर्चच्या आधी या मुली बाकांखालची शेंगांची टरफलं अन् कागदी पेले गोळा करायच्या. त्या मजुरीवर त्यांचा स्पर्धांचा प्रवास चालायचा. "फुटबॉलला देणगीदार, आम्हाला झाडू," असं व्हर्ना म्हणायची आणि स्वतःच हसायची.

मी तिची शेजारीण. माझे यजमान इथे शेतकी शिकवायला आले आणि आम्ही इथलेच झालो. चाळिशी उलटल्यावर मला तिने पाण्यात उतरवलं. माझी हनुवटी तळहातावर धरून म्हणाली होती, "मंगल, पाण्याशी भांडू नकोस. त्याच्यावर टेकायचं असतं." देवळात गेल्यावर वाटतं तसं मला त्या तलावात वाटायचं.

कॉलेजच्या त्या बंदिस्त तलावाचं छप्पर गंजलं होतं. तुकडे पाण्यात पडायला लागले तेव्हा कॉलेजने कळवलं, हिवाळा संपेपर्यंत देणगीदार मिळवा, नाहीतर तलाव बंद आणि मुलींचा पोहण्याचा संघही बंद.

सप्टेंबरात ट्रूडी पिकरेलने शब्द दिला. ट्रूडी व्हर्नाची जुनी विद्यार्थिनी, गरीब घरची. तिचा पोहण्याचा पोशाख व्हर्नाने घेऊन दिलेला, सुट्टीत ती राहायचीही हिच्याच घरी. आता नवऱ्याचा धान्याच्या कोठारांचा मोठा धंदा होता, मैदानावर वरच्या मजल्याला सामना बघायची त्यांची काचेची खोली होती, फुटबॉलच्या मोठ्या देणगीदारांना मिळते तशी. सामन्याआधी गाड्यांच्या तळावर ती येईल त्याला चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा रस्सा, आणि दालचिनीचे रोल वाढायची. वाढता वाढताच म्हणाली, "कोच, छपराची काळजी सोडा. ते माझ्याकडे लागलं."

"लिहून घे," मी व्हर्नाला म्हटलं.

"ट्रूडीकडून? तिचे केस मी विंचरलेत बाई. आमच्याकडे हात मिळवला की झालं."

पुढे गावातल्या दंतवैद्याने अर्ध्या छपराचे पैसे देऊ केले. त्यांची मुलगी संघात होती. व्हर्ना म्हणाली, "आमचं भागलंय. तुम्ही बँडवाल्यांना द्या, त्यांचे ढोल फाटलेत." त्यांनी दिले. सामन्यांना नवे ढोल वाजू लागले.

जानेवारीत क्रीडाविभागाच्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं. तिथून ती सरळ माझ्याकडे आली, अंगातला कोटही न काढता ओट्याशी बसली.

"माझ्या नावाचा तलाव होतोय."

माझे हात आपोआप देव्हाऱ्याकडे जोडले गेले.

"हात खाली घे. फुटबॉलच्या इमारतीत होतोय. सामना झाला की पोरांनी गार पाण्यात बसायचं, अंग दुखू नये म्हणून. चार फूट खोल."

"आणि छप्पर?"

"ट्रूडीचं सगळं दान तिकडे गेलं. आपला मार्चमध्ये बुजवणार."

दुसऱ्या दिवशी ट्रूडी फुलं घेऊन आली. मी तिथेच होते, उठायला लागले तर व्हर्नाने बस म्हटलं.

"कोच, साहेबांनी मला समजावलं," ट्रूडी म्हणाली. "म्हणाले, फुटबॉल उभा राहिला की बाकीचे खेळ उभे राहतात. आणि छपराकडे मान वर करून कोण बघतं? तुमचं नाव तरी दगडात राहील."

"आणि तुझी काचेची खोली?"

ट्रूडी फुलांचा कागद चुरगाळत राहिली. "फुटबॉलला दिलं नसतं तर ती दुसऱ्या कुणाला गेली असती. यांचे सगळे व्यवहार तिथे बसून ठरतात, कोच."

"तुझ्या शब्दावर मी दंतवैद्याला परत पाठवलं."

"मला ठाऊक नव्हतं."

"विचारलंस कुठे? माझं नाव काढ त्यावरून."

"दगड कोरून झालाय."

"मग पालथा बसवा," व्हर्ना म्हणाली आणि चहाचा कप धुवायला उठली. फुलं मीच घेतली. देवाला वाहायचा धीर झाला नाही, खिडकीत ठेवली.

पाणी सोडून द्यायच्या आदल्या दुपारी व्हर्नाने सगळ्यांना शेवटचं पोहायला बोलावलं. जुन्या मुली लांबून लांबून आल्या. काही लेकुरवाळ्या, एक तर आजी झालेली. मीही उतरले.

ट्रूडी दारातून आली. हातात पोहण्याच्या पोशाखाची पिशवी होती. काठाशी येऊन तिने बूट काढले.

"कोच, मी येऊ पाण्यात?"

व्हर्नाने तोंडातली शिट्टी काढली.

"तुझं पाणी पलीकडच्या इमारतीत आहे, ट्रूडी," ती म्हणाली, आणि आमच्यासाठी शिट्टी वाजवली.