अण्णांना ब्रॅकनेलमध्ये कुणी हाक मारली नाही

मी इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलला निघाले तेव्हा अण्णा एसटी स्टँडवर सोडायला आले होते. माजी नगराध्यक्षांची लेक परदेशी चालली म्हणून कंडक्टरने गाडी थांबवून धरलेली. अण्णा त्याच्यावरच डाफरले, "वेळ झाली ना? मग सोडा गाडी!" मला धड नमस्कारही करता आला नाही.

तुम्ही गावात राहिलात, तुम्हाला ते ठाऊकच आहेत. बाजाराचा रस्ता रुंद करताना त्यांनी आधी आपल्याच घराची ओसरी पाडली. पेठ तरीही चिडली आणि बापूसाहेबांनी त्यांना निवडणुकीत हरवलं. पण भाजी आणायला निघालेले अण्णा कधी तासाभरात परतले नाहीत. वाटेत सगळे थांबवायचे.

आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. मी ऑफिसातून यायचे तेव्हा ते खिडकीशी बसलेले असायचे. "आज कुणी हाकच मारली नाही गं," एकदा म्हणाले. कोपऱ्यावरचा दिवा बंद होता, तेव्हा मला कौन्सिलला फोन करायला लावला. दिवा लागला तशी त्यांनी शेजारणीची बेल वाजवली आणि मोडक्या इंग्रजीत ती बातमी दिली. "लव्हली," म्हणून तिने दार लावलं. अण्णा तिथेच उभे राहिले.

पुढे हृदय थकलं. हॉस्पिटलातल्या कन्सल्टंट डॉक्टरने विमानप्रवासाला सक्त मनाई केली.

"वाटेत गेलो तरी चालेल, पण मला गावी ने," ते म्हणत राहिले. एअरलाइन घेईना. महिन्याभरात ते गेले.

क्रिमेटोरियममध्ये मी, माझा नवरा, ऑफिसातले दोघं आणि ती शेजारीण. अर्ध्या तासाचा स्लॉट; बाहेर पुढची मंडळी ताटकळलेली. गावात त्या दिवशी एकही दुकान उघडलं नसतं.

अस्थी घेऊन गावच्या घाटावर आले, तर बापूसाहेब काठी टेकत उतरत होते.

"मला न सांगता गेला," ते म्हणाले. "आता मी भांडू कुणाशी?"

कलश त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि छातीशी धरून लहान मुलासारखे रडले. मी तोवर रडले नव्हते.

गावातलं घर विकलंय. इकडे कुणी गाव कुठलं विचारलं, तर ब्रॅकनेल सांगते. माझ्यासाठी गाव म्हणजे अण्णांना ओळखणारी तुम्ही माणसं. तिकडून फोन आला की आधी भीती वाटते, आज त्यातलं कोण गेलं?