धाकटीची दुरुस्ती

माझी धाकटी बहीण आज एका पोरीची शाळेतली जागा घालवून घरी आली. जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून बसली आहे.

धाकटीला दुसऱ्याचं लिहिलेलं सुधारायचा भारी सोस. लग्नपत्रिका असो की वाण्याची पाटी, हात शिवशिवलाच म्हणून समजा. नवऱ्याने एकदा प्रेमपत्र लिहिलं, तर बाईसाहेबांनी ते तपासून परत पाठवलं! अशी ही, सीमेपलीकडून जीव मुठीत धरून आलेल्या मुलांना आपल्या भाषेत लिहायला शिकवते. गोदामावरच्या दोन खोल्या, सतरंज्या, एक फळा. मुलांवर जीव टाकते, हे मी कुणाशीही भांडून सांगेन.

त्यातल्या एका मुलीला मोठ्या शाळेत घेणार होते. मुख्याध्यापिकेसमोर बसून ‘माझं घर’ यावर लिहायचं, एवढीच अट. सरावाला पोरीने मोडकंतोडकं लिहिलं. निळं दार होतं. शेळी आत झोपायची. आम्ही पळालो. दार उघडं राहिलं. एवढ्यावर कोण दाखल करून घेणार, असं म्हणून धाकटी जी सुटली! शेळी काढली, बाग घातली, पळणं खोडलं, अंगणात गाणारी आजी आणून बसवली. सगळं पोरीकडून घोकून घेतलं. मला वाचून दाखवलं तेव्हा मीही मोठी शहाणी, वा वा केलं. आता आठवलं की लाज वाटते.

आज पोरीने एक काना न चुकवता सगळं उतरवलं. मुख्याध्यापिका खूश. आजी कोणती गाणी म्हणायची, म्हणून कौतुकाने विचारलं. पोर गोंधळली. मग तिने खरं तेच सांगितलं, की आजी आमच्या बाईंनी घातली. शेजारी बसलेल्या धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण ती मुख्याध्यापिका भली. रागावली नाही. कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाली, तुझ्या मनाने दोन ओळी लिही, चुकल्या तरी चालतील, जागा तुझीच.

पोर पेन्सिल धरून नुसती बसून राहिली. धाकटीने डोळ्यांनीच विनवलं, लिही गं, काहीही लिही. शेवटी पोरीने मान वर केली, आणि आपलं काही चुकू नये म्हणून धाकटीलाच हळूच विचारलं,

“बाई, आमच्या घरी काय होतं?”