गच्चीवर आटवलेलं द्रावण

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या मे महिन्यात तर विचारूच नका. "महिनाअखेर एक तरी निकाल दाखवा, नाहीतर पीएचडीचा विषय बदला," असं पुण्याच्या माझ्या गाईड सरांनी बजावलं होतं.

विषय माझा लाडका! पॉलिमर म्हणजे रेणूंच्या हजारो कड्यांची साखळी. ती नॅनोमीटरच्या मापाच्या छिद्रात शिरते का? पाण्यात ती स्वतःभोवती गुंडाळून बसते आणि ती गुंडाळी छिद्रापेक्षा मोठी. मी साखळ्यांना गुलाबी रंग जोडला होता. असली छिद्रं असलेले काचेचे बारीक मणी त्या पाण्यात टाकायचे. साखळ्या आत गेल्या की मणी गुलाबी होणार. वर्षभर मणी पांढरेच.

त्या सोमवारी कपाटात मणी टाकलेल्या द्रावणाच्या बाटल्याच नाहीत. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मावशींनी त्यांची झाकणं काढून, मलमलीचं फडकं बांधून, चार दिवस गच्चीवर उन्हात ठेवल्या होत्या. आंबापोळीच्या ताटांशेजारी!

"बुरशी धरली असती हो मॅडम," त्या म्हणाल्या.

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. माझं वर्ष बुडवलंत, म्हणाले. त्या डोळे पुसत घरी गेल्या.

पाणी आटून द्रावण काकवीसारखं दाट झालं होतं. टाकून द्यायच्या आधी मणी धुतले आणि किंचाळलेच. गुलाबी! पुन्हा धुतले. गुलाबीच!

एकट्या साखळीला छिद्रात घुसायचं तर अंग आवळावं लागतं. ती कशाला जाईल? पण पाणी आटलं, साखळ्या एकमेकींत गुंतल्या, आणि बाहेर इतकी दाटी झाली की आत शिरणंच परवडलं. हे मी परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं! आणि मी शहाणी, साखळ्या सुट्या राहाव्यात म्हणून वर्षभर द्रावण पातळ करत बसले होते. आनंदाने टेबलाभोवती एकटीच नाचले.

सरही फोनवर खूश झाले. "आता नीट मोजून पुन्हा करा. पण दाट करायचं सुचलं कुणाला?"

"मला" अगदी ओठांवर आलं होतं.

"आमच्या मावशींना," मी म्हणाले, आणि तशीच त्यांच्या घराकडे पळाले. दारातच धापा टाकत सगळं सांगितलं, माफी मागितली.

"बरं झालं हो तुमचं," मावशी म्हणाल्या. "पण मी मगाशी लेकीला सांगून बसल्ये, माझ्यामुळं मॅडमचं वर्ष बुडालं. आत बसल्ये ती. हे तिला तुम्हीच सांगा."